तिसऱ्या पायरीवरचा क्लब, स्टेडियम 25 हजारांचं?

इंग्लंडच्या ल्युटन शहरातला बरी पार्क म्हणजे मुस्लिमबहुल मोहल्ला. मशिदी, हलाल दुकानं, अन् त्यांच्यामध्येच ल्युटन टाऊनचं 1905 पासूनचं केनिलवर्थ रोड मैदान. पाहुण्या संघाचे प्रेक्षक अक्षरशः घरांखालून आत जातात! क्षमता जेमतेम 12 हजार. भोवती घरं, वाढवणार कुठे? म्हणून पॉवर कोर्टला 25 हजारांचं नवं स्टेडियम. डिसेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, आणि 2025 मध्ये संघ लागोपाठ दुसऱ्यांदा घसरून लीग वनमध्ये गेला. मग खुर्च्या भरणार कोण? तरीही आम्हाला वाटतं, बांधावं. संघ वर-खाली होतच राहतो, स्टेडियम मात्र दोन-तीन पिढ्यांसाठी असतं. बरी पार्कची पार्किंगची कटकट जाईल, पण मॅचच्या दिवशीचं गिऱ्हाईकही जाईल. जुन्या जागेचं काय करायचं, हे मोहल्लेवाल्यांना विचारूनच ठरावं.