वेळेच्या भांडवलावर

व्यवस्थित चालणारा, पैसे मिळवून देणारा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून दुसऱ्या भाषेत लिहून काढायचा, हे काम सॉफ्टवेअरच्या धंद्यात सहसा कुणी मागून घेत नाही. त्यात वर्षं जातात. फत्ते झालं तर ग्राहकाला पत्ताही लागत नाही, कारण उत्तरं पूर्वी यायची तीच येतात. चुकलं तर मात्र दुसऱ्या दिवशी बोंब होते. 1980च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, केरी या गावी, सॅस इन्स्टिट्यूट नावाच्या कंपनीनं हेच काम अंगावर घेतलं. तिची संख्याशास्त्रीय प्रणाली आयबीएमच्या मेनफ्रेमवर वाढलेली. पीएल/वन, फोर्ट्रान आणि असेंब्लीत लिहिलेली. पण एव्हाना मिनीकॉम्प्युटर आले होते, युनिक्स पसरत होतं, पीसी टेबलावर बसला होता. प्रत्येक यंत्रासाठी निराळी आवृत्ती सांभाळत बसण्यापेक्षा सगळं सी भाषेत नव्यानं लिहावं आणि एकच कोड सगळीकडे चालावा, असं ठरलं. मेनफ्रेमवर चालेल असा चांगला सी कंपायलर हवा होता, तो कंपनीनं स्वतःच बाजारात आणला. सीचे कंपायलर बनवणारी लॅटिस ही कंपनीही विकत घेतली.

मेनफ्रेमच्या जमान्यातली कितीतरी नावं पीसीच्या लाटेत पुसली गेली. सॅस टिकली, त्याचं मोठं श्रेय या निर्णयाला आहे. मला कुतूहल आहे ते निर्णयामागच्या माणसांचं. इतक्या लांबच्या, इतक्या अदृश्य उद्दिष्टासाठी प्रोग्रॅमर राबतात कशाच्या जोरावर?

सॅसची सुरुवात शेतात झाली. रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गर्ट्रूड कॉक्स यांनी 1941 साली प्रायोगिक संख्याशास्त्राचा विभाग उभा केला होता. दक्षिणेकडच्या कृषी संशोधन केंद्रांतून पिकांच्या प्रयोगांची आकडेवारी येई आणि तिचं विश्लेषण करायला एक समान साधन हवं होतं. अँथनी बार या तरुणानं 1966 पासून त्यासाठी भाषा रचायला घेतली. जिम गुडनाइट, जॉन सॉल आणि जेन हेलविग पुढे येऊन मिळाले. सरकारी पैसा आटल्यावर या चौघांनी 1976 मध्ये कंपनी काढली. या परिसराशी आपलंही एक नातं आहे. रॅलेजवळच्या चॅपल हिलच्या विद्यापीठात राजचंद्र बोस शिकवत. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली शरदचंद्र श्रीखंडे यांनी 1950 साली पीएचडी केली. शेतातले वाफे प्रयोगासाठी कसे आखावेत हे सांगणाऱ्या लॅटिन चौरसांवर त्यांचं काम होतं. बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी 1959 मध्ये ऑयलरचं या चौरसांविषयीचं जुनं अनुमान खोडून काढलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

कंपनी काढण्याआधी गुडनाइट यांनी काही काळ अपोलो यानांशी संपर्क ठेवणाऱ्या भूकेंद्रांच्या कामावर नोकरी केली होती. काम अभिमान वाटावा असं होतं, पण माणसं टिकत नव्हती. मोठं ध्येय समोर असलं की लोक आपोआप झोकून देतात, ही समजूत त्यांनी तिथेच सोडली असावी. केरीत त्यांनी आठवड्याचे कामाचे तास 35 ठरवले. थकलेल्या डोक्यानं रात्री लिहिलेला कोड सकाळी दुरुस्त करत बसावा लागतो, हे ते स्वतः प्रोग्रॅमर असल्यानं जाणून होते. पाळणाघर 1981 मध्ये सुरू झालं, कारण मूल झाल्यावर अनुभवी बायका कायमच्या घरी बसतील अशी धास्ती होती. दवाखाना 1984 मध्ये आला. पुढे व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, दर बुधवारी मोफत एम अँड एमच्या गोळ्या असं बरंच काही आलं, आणि पत्रकारांनी त्या गोळ्यांवरच सर्वाधिक लिहिलं. मला ते सगळं दुय्यम वाटतं. स्टॅनफर्डचे जेफ्री फेफर यांनी 1998 मध्ये या कंपनीचा अभ्यास लिहिला, त्यातली माहिती जास्त बोलकी आहे. विक्री करणाऱ्यांना कमिशन नाही. शेअरचं आमिष नाही. वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म बंद. आणि वर्षाला शंभरातले चारेक लोक सोडून जात, तेही अशा काळात जेव्हा या धंद्यात वीसच्या आसपास जात होते.

ही सोय परवडते कशी, हा प्रश्न पुण्यात कुणीही विचारील. उत्तर कंपनीच्या महसुलात आहे. सॅस आपलं सॉफ्टवेअर एकदाच विकून मोकळी होत नाही, वर्षाच्या भाड्यानं देते. बँक असो, औषध कंपनी असो वा सरकारी खातं, दर वर्षी त्याला नव्यानं ठरवायचं असतं की हे ठेवायचं की सोडायचं. बहुतेक जण ठेवतात. त्यामुळे पुढच्या वर्षीचा बराचसा पैसा आधीच ठाऊक असतो आणि चार-पाच वर्षांचं काम हाती घेता येतं. पण त्याच करारामुळे निवांतपणाला जागा राहत नाही. यंदा काही सुधारलं नाही तर ग्राहक पुढल्या वर्षी जाऊ शकतो. म्हणून उत्पन्नाचा पाचवा ते चौथा हिस्सा वर्षानुवर्षं संशोधनावर गेला. म्हणूनच वापरणाऱ्यांकडून मतं मागवण्याची ‘सॅसवेअर बॅलट’ ही प्रथा रुजली: पुढे काय हवं यावर वापरकर्ते मत देत आणि वरच्या क्रमांकाच्या मागण्या प्रोग्रॅमरांच्या टेबलावर येत. मला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ज्याला रोज तो प्रोग्रॅम चालवायचा आहे त्याची अडचण थेट समोर आली की साहेबाला वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

साहेबही कोड लिहिणारे. रेषीय प्रतिमानांसाठीची सॅसची प्रसिद्ध जीएलएम प्रक्रिया गुडनाइट यांनी लिहिली. तिच्या मुळाशी असलेल्या स्वीप क्रियेवर त्यांचा लेख 1979 मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये आला, तेव्हा ते कंपनीचे प्रमुख होते. कंपनीचे दुसरे मालक जॉन सॉल. मॅकिंटॉशचा पडदा पाहून त्यांना वाटलं की संख्याशास्त्र डोळ्यांनी, माउसनं, आलेखावर बोट ठेवून करता आलं पाहिजे. एक छोटा गट घेऊन ते बसले आणि 1989 मध्ये जेएमपी बाहेर आलं. मुख्य प्रणालीपासून ते इतकं निराळं होतं की दुसऱ्या एखाद्या कंपनीत ते पहिल्याच बैठकीत मेलं असतं. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले अभियंते ते आजही वापरतात.

पुढे कसोटी आली ती सिंगापूरहून. युनायटेड ओव्हरसीज बँकेला आपल्या साऱ्या गुंतवणुकीतली जोखीम मोजायला सुमारे 18 तास लागत. बाजार उघडायच्या आत उत्तर येत नसेल तर ते उत्तर काय कामाचं? गुडनाइट यांनी आपल्या लोकांपुढे ठेवलेलं लक्ष्य तासांचं नव्हतं, मिनिटांचं होतं. जुन्या पद्धतीत डिस्कवरची माहिती थोडी थोडी वर आणून आकडेमोड व्हायची. नव्या रचनेत माहिती अनेक सर्व्हरांच्या मेमरीत वाटून ठेवली आणि प्रत्येक सर्व्हरनं आपल्या वाट्याचं गणित तिथल्या तिथे करायचं, असं केलं. त्यासाठी वर्षानुवर्षांचे अल्गोरिदम मोडून पुन्हा बांधावे लागले, कारण एकामागून एक चालणारी पायरी शंभर तुकड्यांत आपोआप विभागत नाही. बँकेचं गणित काही मिनिटांवर आलं. हे काम ज्यांनी केलं त्यांच्यापैकी कित्येकांनी जुने अल्गोरिदमही लिहिलेले होते. माणसं टिकवल्याचा फायदा तिथे हातात मोजून मिळाला.

दरम्यान 2008ची मंदी येऊन गेली होती. जानेवारी 2009 मध्ये, सगळीकडे कपात चालू असताना, गुडनाइट यांनी कर्मचाऱ्यांना थेट सांगितलं की कुणाचीही नोकरी जाणार नाही, फक्त खर्च जपून करा. त्या वर्षी कंपनीचा महसूल 2.31 अब्ज डॉलर झाला, आधीच्या वर्षापेक्षा किंचित जास्तच. हा शब्द देणं त्यांना शक्य झालं, कारण मालक दोघंच होते आणि शेअर बाजाराला उत्तर द्यायचं नव्हतं. सॅसची कहाणी सांगणारे बरेच जण हा मुद्दा ओलांडून जातात आणि मग पाळणाघराची नक्कल करू पाहतात.

पुण्यात हडपसरच्या मगरपट्ट्यात सॅसचं संशोधन केंद्र आहे. पण त्याहून कितीतरी मोठा वर्ग आहे तो सॅसवर पोट असलेल्यांचा. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे चाचण्यांची माहिती सॅसच्याच एका फाइल-साच्यात पाठवली जाते, त्यामुळे संख्याशास्त्रात पदवी घेतलेल्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलामुलींना पहिली नोकरी ‘सॅस प्रोग्रॅमर’ म्हणून लागली. याच शहरात अप्रेझलचा हंगाम असतो, बेल कर्व्ह असतो, आणि एप्रिलची वाढ हाती पडली की पेपर टाकणारे असतात. त्या मुलांना मी दोष देत नाही. वर्षाच्या मापानं मोजलेला माणूस वर्षापुरतंच काम करतो. त्याच्याकडून तीन वर्षांचं धाडस हवं असेल तर तीन वर्षं तो तिथे असेल, त्याचा प्रकल्प असेल आणि अर्ध्यावर अपयश आलं तरी त्याची खुर्ची असेल, याची हमी वरच्यांनी आधी द्यायला हवी. ‘इनोव्हेशन’ची भिंतभर पोस्टरं लावून ती हमी मिळत नाही.

सॅसपुढची आजची अडचण वेगळी आहे. आर आणि पायथन फुकट मिळतात, विद्यापीठातून बाहेर पडणारी मुलं तेच शिकून येतात. सॅसनं 2016 मध्ये व्हाया नावाची नवी रचना आणली, तिच्यात पायथन आणि आरमधूनही काम करता येतं. जुलै 2021 मध्ये ब्रॉडकॉम ही कंपनी सॅस विकत घेणार अशा बातम्या आल्या आणि काही दिवसांतच बोलणी थांबली. त्याच महिन्यात गुडनाइट यांनी 2024 पर्यंत शेअर बाजारात उतरण्याची तयारी करू, असं जाहीर केलं. 2024 उलटलं तरी नोंदणी झाली नव्हती. गुडनाइट यांचा जन्म 1943 चा, तेव्हा वारशाचा प्रश्न खरा आहे आणि हा मार्ग निवडल्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. उद्या नोंदणी झालीच, तर संशोधनावर किती खर्च केला तो आकडा दर तिमाहीला छापावा लागेल. मी नफ्याच्या आधी तोच वाचीन.