परसातील औषध आणि पुराव्याची कसोटी

नागपूरच्या भोसल्यांच्या राजवाड्यांमुळे महाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्तीत अंगणात तुळस आणि परसात अडुळसा असणे नवलाचे नाही. पडसे झाले की आधी काढा, मग दवाखाना, हा क्रम पिढीजात आहे. साध्या सर्दीत त्याने सहसा काही बिघडत नाही. अशी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय काढ्याच्या पदरी पडते. पुराव्याची गल्लत होते ती येथेच.

अडुळशाचे गुण निराधार नाहीत. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरील संशोधनातूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे औषध निर्माण झाले. परंतु कफ सुटणे वेगळे आणि रोगजंतू नष्ट होणे वेगळे. क्षयाच्या रुग्णाला अडुळशाने थोडा आराम वाटतो, तेवढ्या भरवशावर तपासणी लांबते आणि त्या अवधीत घरातील मुलाबाळांना संसर्गाचा धोका राहतो. खोकला दोन आठवडे टिकल्यास क्षयाची तपासणी करून घ्यावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. शासकीय केंद्रांत ती विनामूल्य होते.

गुळवेलीची गोष्ट अधिक गंभीर आहे. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी तिचा काढा घरोघरी सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. हा मुद्दा रास्त होता. गुळवेलीसारखीच दिसणारी, कांडावर गाठी असलेली दुसरी जात आहे. मात्र 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची माहिती पुढे आली. त्यांपैकी अनेकांना स्वप्रतिकारशक्तीशी निगडित विकार होते. तेव्हा निरोगी माणसाला जे सोसले, ते अशा रुग्णाला सोसेलच असे नाही.

वनस्पतीपासून खरे औषध मिळतेच. चीनमधील आर्टेमिसियापासून मलेरियावरील आर्टेमिसिनीन मिळवल्याबद्दल तू यूयू यांना 2015 चे नोबेल पारितोषिक लाभले. तथापि त्याच झाडाचा काढा मलेरियासाठी घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काढ्यात द्रव्य किती उतरते याचा नेम नसतो. मलेरियाशी झगडणाऱ्या गडचिरोलीच्या ग्रामपंचायतींनी हे ध्यानी घ्यावे.

बाटलीवरील परवाना क्रमांकाचा अर्थही पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. परवाना उत्पादनाचा असतो. ग्रंथोक्त पाठाच्या औषधाची परिणामकारकता रुग्णांवरील नव्या चाचण्यांनी सिद्ध केलेली असतेच असे नाही.

महालातून मेयो किंवा मेडिकलमध्ये जाणाऱ्या रुग्णाने काढा घेत असल्यास तसे न संकोचता सांगावे, आणि शक्य असल्यास ती बाटली किंवा वेलीचे कांड सोबत न्यावे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा भूक पार गेली, तर काढा त्याच दिवशी बंद करून रुग्णालय गाठावे.