नेफर्टिटीच्या बुडाखाली परवाना

इजिप्तच्या नेफर्टिटी राणीचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा तेहेतीसशे वर्षांचा म्हातारा आहे. १९१२ साली उत्खननात सापडला, आता बर्लिनच्या नॉयस म्युझियममध्ये असतो. संग्रहालयानं त्याचा त्रिमितीय स्कॅन करून घेतला आणि फाइल कडीकुलपात ठेवली. कॅलिफोर्नियाचा कलाकार कॉस्मो वेनमन माहितीच्या अधिकाराखाली तीन वर्षं मागे लागला, तेव्हा कुठे ती बाहेर आली. २०१९ मध्ये त्यानं ती जगासाठी खुली केली. आता पडद्यावर राणीला उलटं करावं, तर बुडावर चक्क परवाना कोरलेला: श्रेय द्या, पण धंदा करू नका! (खऱ्या पुतळ्यावर नाही हो, संगणकातल्या.)

मुळात नियम असा: चित्रकार जाऊन भारतात ६० आणि युरोपात ७० वर्षं उलटली की चित्रावरचा कॉपीराइट संपतो. मग संग्रहालय म्हणतं, चित्र सगळ्यांचं असेल, पण त्याचा फोटो आमचा. म्हणजे विहीर गावाची, पोहरा आमचा! १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं हा पोहरा काढून घेतला. सपाट चित्राचा हुबेहूब फोटो काढण्यात स्वतःची निर्मिती काही नाही, सबब नवा कॉपीराइटही नाही. लंडनला हे पटायला वेळ लागला. २००९ साली तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं एका अमेरिकन माणसाला वकिलाचं पत्र धाडलं, कारण त्यानं गॅलरीच्या संकेतस्थळावरची तीन हजारांवर चित्रं उचलून विकिमीडियावर चढवली होती. खटला काही उभा राहिला नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्याच अपील न्यायालयानं स्वतःची निर्मिती असल्याशिवाय कॉपीराइट मिळत नाही असं सांगितलं, आणि तेही चित्राच्या नव्हे, एका सॉफ्टवेअरच्या खटल्यात.

आता दूधवालीची गोष्ट. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरचं एक जगप्रसिद्ध चित्र आहे, दूध ओतणारी मोलकरीण. इंटरनेटवर तिला कावीळ झाली होती. कुणीकुणी काढलेल्या, स्कॅन केलेल्या, पिवळट पडलेल्या तिच्या दहा हजारांवर प्रती फिरत होत्या. लोकांच्या डोळ्यांत तोच रंग इतका बसला, की संग्रहालयाच्या दुकानातलं अस्सल रंगांचं पोस्टकार्ड त्यांना खोटं वाटू लागलं. यावर संग्रहालयानं नोटिसा धाडल्या नाहीत. स्वतःच उत्तम दर्जाचा फोटो फुकट देऊन टाकला. चांगलं मिळालं की वाईट कोण कशाला घेईल? २०१२ मध्ये तिथल्या संकेतस्थळावर ‘राइक्सस्टुडिओ’ सुरू झालं, सुरुवातीलाच सव्वा लाख कलाकृतींसह. घ्या आणि हवं ते करा. लोकांनी केलंही. त्यांतल्या उत्तम कल्पनांना संग्रहालय वर बक्षीसही देऊ लागलं. तेव्हाचे संग्रहप्रमुख टाको डिबिट्स यांचं म्हणणं असं, की कुणाला टॉयलेट पेपरवर व्हर्मीर छापायचाच असेल, तर निदान चांगल्या फोटोवरून छापावा. इतकं निर्मळ मन सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत क्वचितच सापडतं.

याच संग्रहालयात रेम्ब्राँची ‘नाइट वॉच’ आहे. २०२२ च्या जानेवारीत तिचा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो प्रसिद्ध झाला. त्यासाठी ८,४३९ फोटो काढून जोडले. दोन पिक्सेलमधलं अंतर पाच मायक्रॉन, म्हणजे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीहून कमी. मूळ फाइल ५.६ टेराबाइटची, तेव्हा फोनवर उतरवायचा विचार सोडा. संकेतस्थळावर मात्र रंगातली भेग न् भेग पाहता येते. ॲम्स्टरडॅमला जाऊन खऱ्या चित्रासमोर उभं राहिलं तरी इतकं दिसणार नाही.

परवान्यांची भाषाही एकदा समजून घ्या, सोपी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणांत ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एनसी’ म्हणजे धंदा नको, ‘एनडी’ म्हणजे चित्रात बदल नको. आणि ‘सीसी झीरो’ म्हणजे न्या बुवा, विचारूही नका. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रांवर हे शून्य लावलं. पॅरिसच्या महापालिकेच्या संग्रहालयांनी २०२० च्या जानेवारीत लाखभर चित्रं दिली, तर पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या स्मिथसोनियननं अठ्ठावीस लाख. लॉकडाउनमध्ये मेट आणि गेटी संग्रहालयांनी आणखी एक सोय केली. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या व्हिडिओ गेममधल्या आपल्या घराच्या भिंतीवर त्यांची चित्रं टांगता येऊ लागली.

इटलीत मात्र उलटा न्याय. तिथे कॉपीराइट संपला तरी सांस्कृतिक वारशाचा कायदा शिल्लक राहतो. लिओनार्दो दा विंची १५१९ साली वारला, पण त्याच्या ‘व्हिट्रुव्हियन मॅन’चं जिगसॉ कोडं विकणाऱ्या जर्मन कंपनीला व्हेनिसच्या न्यायालयानं २०२२ मध्ये मनाई केली. वर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १,५०० युरो दंड! २०२४ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या न्यायालयानं सांगितलं, तुमचा कायदा तुमच्या हद्दीत. म्हणजे कोडं तेच, पण सीमा ओलांडली की उत्तर वेगळं.

फुकटच्या वाटेवरही खड्डे असतात. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीनं आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले, कुणीही वापरा म्हणून. २०१५ च्या अखेरीस तिच्याच संस्थेला एका फोटो एजन्सीच्या वतीनं १२० डॉलर मागणारं पत्र आलं, तिनंच काढलेला फोटो विनापरवाना वापरल्याबद्दल! ती चिडून न्यायालयात गेली, पण मुख्य दावा टिकला नाही. एकदा गावजेवण घातलं की कोण वाढून घेतो आणि कोण बाहेर नेऊन विकतो, यावर यजमानाचं चालत नाही.

आपल्याकडची एक गोष्ट. अजिंठ्याची चित्रं विरत चालली म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तिथे नकला करत बसले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. कॅनव्हास लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला गेले आणि १८८५ च्या आगीत त्यांतले बरेच जळाले. उरलेले आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ऑनलाइन पाहायला, अभ्यासाला मोफत. पण कॅलेंडर छापून विकायचं असेल, तर परवाना घ्या. मुंबईच्या पोरांनी अजिंठ्यात बसून केलेली नक्कल, तिचा फोटो, आणि त्या फोटोचा परवाना लंडनचा! नेफर्टिटीलाही हसू येईल.

देशातल्या मोठ्या संग्रहालयांचे संग्रह संगणकावर आणण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरलं जातं, ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झालंय. त्याचं नाव ‘जतन’. नाव झकास आहे. आता कुणीतरी त्याला ‘वाटप’ नावाचं धाकटं भावंडही आणावं.

तोवर दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा लेकीच्या प्रकल्पासाठी चित्र हवं असेल, तर गुगलवरची काविळीची प्रत उचलू नका. मेटच्या संग्रहाच्या शोधपानावर ‘ओपन ॲक्सेस’ अशी खूण आहे. ती निवडली की खाली फक्त मोफतची चित्रं उरतात.