चांदीच्या पेठेतून दातांच्या दवाखान्याकडे

दोस्तांनो, बुलढाणा जिल्ह्याचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कुणी म्हणेल लोणारचं सरोवर. कुणी म्हणेल जिजाऊंचं सिंदखेडराजा. कुणी शेगावला जाऊन आल्याचं सांगेल. पण हाच प्रश्न जरा तुमच्या आजीला विचारून पाहा. ती बहुतेक म्हणेल, "खामगावची चांदी!"

खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ. पण तिचं दुसरं नाव आहे रजतनगरी. इथली चांदी शुद्ध, असा तिचा लौकिक आहे. म्हणून लग्नसराईत आणि सणासुदीला लांबलांबून लोक इथे ताट-वाटी, समई, पैंजण, जोडवी घ्यायला येतात.

आता समजा, तुमचं घर अशाच एका कारागिराचं आहे. शाळेतून आलात की दप्तर टाकून तुम्ही वडिलांच्या शेजारी जाऊन बसता. तार वाकवणं, सांधा झाळणं, कानशीनं कड गुळगुळीत करणं हे सगळं तुम्हांला बघूनबघूनच यायला लागलंय. हात असा चालतो की वडीलही मनातल्या मनात खूश होतात. पण विज्ञानाच्या पेपरात मात्र शंभरापैकी साठच! त्यातच एक दिवस घरी पाहुणे येतात आणि विचारतात, "काय रे, पुढे कोण व्हायचं?" तुम्ही म्हणता, "डॉक्टर." पाहुणे गालातल्या गालात हसतात. वडील म्हणतात, "अरे बाप्पा, मग हातातली कानस ठेव आणि पुस्तक घे! हे काय करून राहिला तू?"

वडिलांचं चुकलं का? अगदीच नाही. पुस्तक हातात घ्यायलाच हवं. पण कानस ठेवून द्यायची का? थांबा. डॉक्टरकीची एक शाखा अशी आहे की जिथे कानस, तार, मेण आणि चांदी यांच्याशी झालेली दोस्ती फुकट जात नाही. ती शाखा म्हणजे दातांची! पटत नाही? मग एक खरी गोष्ट ऐका. ती खामगावची नाही, खूप दूरची आहे. पण आहे एका चांदीवाल्याचीच.

चांदीवाला झाला दातवाला

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात पॉल रिव्हिअर नावाचा एक कारागीर होता. वडील चांदीकाम करायचे, त्यांच्याच हाताखाली तो शिकला. तो एकोणीस वर्षांचा असताना वडील वारले आणि दुकानाचा भार त्याच्यावर आला. त्याच्या हातच्या चहाच्या किटल्या आणि भांडी आज तिथल्या संग्रहालयांत मांडून ठेवलेली आहेत.

पण पुढे मंदी आली. लोकांच्या हातात पैसा नसला की चांदी कोण घेणार? दुकान चालेना. तेव्हा जॉन बेकर नावाच्या दंतवैद्याकडून रिव्हिअर एक नवी विद्या शिकला. पडलेल्या दाताच्या जागी खोटा दात तारेनं शेजारच्या दातांना पक्का बांधायचा! तार ओढणं आणि वाकवणं तर त्याच्या बोटांत होतंच. १७६८ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात जाहिरातच दिली की आपण खोटे दात बसवून देतो.

गोष्ट इथे संपत नाही. त्याचा मित्र जोसेफ वॉरन हा डॉक्टर होता. अमेरिका इंग्रजांशी लढत होती, त्या लढ्यातला तो एक पुढारी. १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईत तो मारला गेला. इंग्रजांनी त्याला रणांगणावरच पुरलं. पुढच्या वर्षी इंग्रज बॉस्टन सोडून गेल्यावर घरच्यांनी शोध घेतला. पण इतके महिने उलटल्यावर ओळखायचं कसं? तेव्हा रिव्हिअरनं त्या जबड्यात पाहिलं. तिथे एक खोटा दात होता आणि तो तारेनं बांधलेला होता. ते बांधकाम त्याचं स्वतःचं होतं! आपल्या हातचा सांधा कारागीर विसरत नाही, दोस्तांनो. त्या एका तारेमुळे वॉरनला मानानं निरोप देता आला. आज अपघातात किंवा आगीत सापडलेल्या माणसांची ओळख दातांवरून पटवतात, तिथे अशा जुन्या उदाहरणांत ही गोष्ट आवर्जून सांगतात.

आईचं सूत कातायचं चाक

तुम्ही म्हणाल, हा एकटाच असेल! नाही हं. जॉन ग्रीनवुडचंच पाहा. पोरवयात तो सुतारकाम करणाऱ्या काकाकडे उमेदवारी करत होता. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये दंतवैद्य झाला. दाताला भोक पाडायचं यंत्र तेव्हा हातानं फिरवावं लागे. बिचाऱ्या रोग्याचे हाल! १७९० च्या सुमारास ग्रीनवुडनं आईचं पायानं चालवायचं सूत कातायचं चाक घेतलं आणि त्याला दाताचं यंत्र जोडलं. पाय चाक फिरवणार, हात मोकळे राहणार. आहे की नाही गंमत?

याच ग्रीनवुडनं अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठी कवळ्या बनवल्या. १७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा फक्त एक दात उरला होता! त्यांची कवळी लाकडाची होती असं अनेकजण सांगतात, पण ते खरं नाही. पाणघोड्याचा दात, माणसांचे दात आणि सोन्याच्या स्प्रिंगा असला तो थाट होता.

आता मेणाची गोष्ट. मूर्ती ओतायची जुनी रीत तुम्ही ऐकली असेल. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मग तापवायचं. मेण वितळून निघून जातं आणि आत पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला की मूर्ती तयार! इतिहासाच्या पुस्तकात मोहेंजोदडोची नर्तकी आहे ना? कमरेवर हात ठेवून उभी असलेली? चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती मूर्ती याच रीतीनं ओतलेली आहे. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगर्ट या दंतवैद्यानं हीच रीत दातांसाठी वापरून दाखवली. किडलेल्या दाताच्या खड्ड्याचं मेणात माप घ्यायचं आणि तेवढाच सोन्याचा तुकडा ओतायचा. तो खड्ड्यात अगदी नेमका बसे. म्हणजे मूर्तिकाराची विद्या थेट दाढेत जाऊन बसली!

आणि चांदी? तुमच्या बाबांना विचारा, "तुमच्या दाढेत चांदी भरलीय का?" ती चांदी म्हणजे चांदी, कथील आणि तांबं यांच्या भुकटीत पारा कालवून केलेलं मिश्रण. आता पाऱ्यामुळे तिचा वापर कमी होत चालला आहे. दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं जातं. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभरच्या दाढा तिनंच तगवल्या.

सोड्याच्या दुकानातून कॉलेज

आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालयही असंच आडवाटेनं उभं राहिलं. डॉ. रफिउद्दिन अहमद हे बंगालचे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये ते दंतवैद्य झाले. परत आल्यावर १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात दातांचं कॉलेज काढलं. पैसा कुठून आणला, माहीत आहे? त्यांनी सोडावॉटर विकायचं दुकान टाकलं आणि त्याच्या कमाईतून कॉलेज चालवलं! पुढे १९४९ मध्ये ते कॉलेज त्यांनी सरकारला देऊन टाकलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आपल्याकडे मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. नंतर नागपूरला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आली. म्हणजे बुलढाण्याच्या मुलाला आता कलकत्त्याला जायला नको.

मग दुकान थाटायचं का?

छे छे! रिव्हिअरनं डिग्री न घेता दात बसवले, ते अडीचशे वर्षांपूर्वी. आज तसं केलं तर ते बेकायदेशीर आहे. कायद्यानुसार नोंदणी झालेल्या दंतवैद्यालाच दातांवर उपचार करता येतात. आणि हा कायदा योग्यच आहे. दाताच्या मुळाशी नसा आहेत, रक्त आहे. नीट निर्जंतुक न केलेला एक चिमटा 'बी' प्रकारची कावीळ एका तोंडातून दुसऱ्याच्या रक्तात नेऊ शकतो. जत्रेत रस्त्यावर बसून दात काढणाऱ्याकडे कधीही जायचं नाही ते यासाठीच.

म्हणून रस्ता असा. बारावीला विज्ञान घ्यायचं. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवंच. मग 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायची. त्यातून बीडीएसला प्रवेश मिळतो. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष काम. पाहुण्यांपुढचे ते साठ गुण इथे पुरणार नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. सरकारी कॉलेजातल्या जागा थोड्या असतात आणि खासगी कॉलेजांची फी जड असते.

पण कॉलेजात शिरल्यावर काय होतं, ते ऐका. एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजानं आलेली बरीच मुलं तिथे असतात. तोंडं पडलेली, मन दुसरीकडेच. पहिल्याच वर्षी त्यांच्या हातात मेणाची एक वडी आणि कोरायचं हत्यार येतं. काम काय? त्या वडीतून हुबेहूब दाढ कोरून काढायची! उंचवटे, खाचा, मुळं सगळं मापात. वर्षानुवर्षं फक्त पाठांतर केलेली बोटं इथे अडखळतात. आणि जो लहानपणी मातीचे बैल, खडूची नावं, पतंगाच्या कामट्या करत बसायचा, त्याचा हात झरझर चालायला लागतो. कित्येकांना आपला रस्ता तिथेच सापडतो. ज्याला आपण चुकलेली गाडी समजत होतो, तीच आपली होती हे कळतं.

हल्ली कॉम्प्युटरवर दाताचा आराखडा करून यंत्रानं कॅप कोरता येते. तरीही मेणाची वडी अभ्यासक्रमात आहेच. कारण तोंडात जागा बोटभर, प्रकाश कमी, जीभ मध्ये येणारी आणि रोगी घाबरलेला. तिथे हाताला सवय लागतेच.

आणि 'नीट' नाहीच जमली तर? तर आणखी एक दार आहे. त्याची माहिती फार थोड्यांना असते. कवळ्या, कॅप, दात सरळ करायच्या तारा हे सगळं प्रयोगशाळेत बनवणारा तंत्रज्ञ असतो. त्याला डेंटल मेकॅनिक म्हणतात. बारावी विज्ञाननंतर साधारण दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम काही दंत महाविद्यालयांत असतो. यालाही नोंदणी लागते. तो रोग्याच्या तोंडाला हात लावत नाही. पण एखाद्या आजोबांना पुन्हा भाकरी चावता येते, ती त्याच्या कारागिरीमुळेच.

आईबाबांसाठी चार शब्द

हा भाग मुलांनी मोठ्यानं वाचून दाखवावा! मूल घरात काही कोरत, जोडत, खोलत बसलं की आपण म्हणतो, "वेळ वाया घालवू नकोस." अभ्यासाची आठवण जरूर करून द्या. पण हातातलं काम हिसकावून घेऊ नका. बोटांचं शिक्षण विकत मिळत नाही, ते हळूहळू मुरतं. आणि आपला पिढीजात धंदा मुलाला पुढे न्यायचा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. रिव्हिअरच्या वडिलांनी शिकवलेली तार पुढे कुठे जाऊन पोहोचली, ते आपण पाहिलंच.

हे करून पाहा

आंघोळीच्या साबणाची एक वडी घ्या. आरशात, मोठा आ करून, खालची पहिली मोठी दाढ बघा. ती साधारण सहाव्या वर्षी येते आणि जन्मभर साथ देते. तिच्या जागी दुसरी येत नाही! बहुतेकांच्या या दाढेवर पाच उंचवटे असतात, तीन गालाकडे आणि दोन जिभेकडे. हिरडीखाली तिला दोन मुळं असतात. आता चमच्याच्या दांड्यानं किंवा बोथट काडीनं साबणातून ती दाढ कोरा. सुरी वापरायची नाही! पहिली दाढ बटाट्यासारखी होईल. होऊ द्या. दुसरी थोडी बरी होईल. पाचव्या वडीपर्यंत पोहोचलात आणि तरीही कंटाळा आला नाही, तर एक दिवस पाहुण्यांसमोर ती दाढ नेऊन ठेवा आणि त्यांना विचारा, "ओळखा पाहू, कुठली?"

उरलेला साबण मात्र आईच्या हवाली करा. आणि रात्री झोपण्यापूर्वी, ज्या दाढेचं चित्र कोरलंत, तिला ब्रश करायला विसरू नका!