चिमुकल्या दिव्याचा राखणदार

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं मुलें आकाशकंदील करूं लागतात. हल्लीं त्यांत पुष्कळदां एल्. ई. डी. हा चिमुकला दिवा बसवितात. पण नऊ व्होल्टांच्या बॅटरीस तो नुसता जोडला, तर क्षणभर झगमगून बहुधा कायमचा विझतो. बॅटरी ठीक, दिवाही नवा. मग झालें काय?

तारेचा बल्ब तापला म्हणजे त्या तारेचा रोध वाढतो आणि प्रवाहास आपोआप आळा बसतो. एल्. ई. डी. ची तऱ्हा निराळी. तांबडा दिवा सुमारें २ व्होल्ट मिळेपर्यंत जवळजवळ प्रवाह घेतच नाहीं. त्यापुढें दाब किंचित् वाढला तरी प्रवाह भराभर चढतो. स्वतःस आवरणें त्याला ठाऊक नाहीं. तें काम रेझिस्टरनें, म्हणजे रोधकानें, करावयाचें.

त्याचें माप काढण्यास जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ मध्यें मांडलेला नियम पुरतो. ९ व्होल्टांतून दिव्याचे २ वजा जातां ७ उरले. प्रवाह २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, धरूं. ७ ला ०.०२ नें भागलें कीं ३५० ओहम येतात. दुकानांत बहुधा ३३० किंवा ३९० मिळतो; त्यांतला मोठा घ्यावा. प्रकाश किंचित् उणा पडेल, पण दिवा जगेल. नारिंगी, पांढरा, तपकिरी या पट्ट्यांवरून तो ओळखावा. पाव वॉटचा पुरे. पांढऱ्या दिव्यास सुमारें ३ व्होल्ट लागतात. त्यास ३३० चालेल.

काटकसरी मंडळी विचारतील, ९ पैकीं ७ व्होल्ट रेझिस्टर तापविण्यांत जातात, ही उधळपट्टी नव्हे काय? आहेच. म्हणून तीन तांबडे दिवे एकामागून एक जोडावे. त्यांस ६ व्होल्ट लागतात, ३ उरतात, १५० ओहम पुरतो. तेवढ्याच प्रवाहांत तिप्पट उजेड! मात्र बॅटरी उतरूं लागली कीं ही माळ एकट्या दिव्याच्या आधीं मंदावते.

कोणी म्हणेल, ३ व्होल्टांच्या चपट्या बटनसेलवर दिवा रेझिस्टरशिवाय जळतो. जळतो खरा, कारण त्या सेलचा आंतला रोधच बराच असतो. नऊ व्होल्टांच्या बॅटरीकडून तशी अपेक्षा करूं नये.

दिव्याचा लांब पाय धन टोकाकडे असावा. उलट जोडल्यास तो पेटत नाहीं. आणि पुष्कळ दिवे ५ व्होल्टांहून अधिक उलट दाब सोसत नाहींत. रेझिस्टर मात्र दिव्याच्या कोणत्याही बाजूस चालतो, वाट एकच असल्यामुळें प्रवाह सर्वत्र सारखाच. ही जोडणी भिंतींतील २३० व्होल्टांच्या प्लगला कधींही लावूं नये, हें मुलांस आधींच बजावून ठेवावें.