सरोवर आणि अरण्य : एका कुटुंबप्रवासाची आंखणी

प्रवास ठरवितांना बहुतेक घरांत प्रथम स्थळ ठरतें, नंतर खर्च, आणि अखेरीस कोणीं जावयाचें हें ठरतें. या शेवटच्या बैठकींत 'आजींना हें झेपणार नाहीं' असा ठराव बहुधा एकमतानें मंजूर होतो. आजींचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं. साठी उलटलेल्या प्रस्तुत लेखकास हा क्रम उलटा असावा असें वाटतें : आधीं माणसें, मग महिना, मग मार्ग. उदाहरणासाठीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील मलावी सरोवर आणि शेजारच्या झांबिया देशांतील दक्षिण लुआंग्वा अरण्य यांचा जोडप्रवास घेऊं.

हें सरोवर दक्षिणोत्तर सुमारें ५७० किलोमीटर लांब व जवळजवळ ७०० मीटर खोल आहे. माशांच्या इतक्या जाती जगांतील दुसऱ्या कोणत्याही सरोवरांत नाहींत. त्याच्या दक्षिण टोंकाचें राष्ट्रीय उद्यान १९८४ सालीं जागतिक वारशांत समाविष्ट झालें. डॉ. लिव्हिंग्स्टन येथें १८५९ सालीं पोंचला. या पाण्यावर चालविण्यासाठीं त्यानें 'लेडी न्यासा' ही आगबोट बांधविली. पण ती सरोवरापर्यंत कधींच गेली नाहीं. १८६४ सालीं समुद्र ओलांडून त्यानें ती आपल्या मुंबईस आणिली आणि पुढें ती तेथेंच विकली गेली. लुआंग्वाचें अरण्य सुमारें ९,०५० चौरस किलोमीटर असून हत्ती, पाणघोडे, सिंह आणि विशेषतः बिबळे यांविषयीं तें प्रसिद्ध आहे.

आतां महिना. या प्रदेशांत पाऊस सामान्यतः नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. पुढें डबकीं आटत जातात, तसतसे प्राणी नदीकांठीं गोळा होतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरांत ते सर्वांत अधिक दिसतात. आपल्या दिवाळीच्या सुटीस हा काल जवळचा खरा. परंतु त्या वेळीं तेथील उष्मा ४० अंशांपर्यंत चढतो, आणि सुटी लांबली तर पावसानें कच्चे रस्ते चिखलांत बुडण्याचें भय असतें. उलट मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध हा काल कोरडा व सौम्य. गवत थोडें उंच असतें, पहांटे लोंकरी कपडे लागतात, सरोवरावर आग्नेयीचा वारा असतो. पण वृद्धांस आणि मुलांस हवा मानवते. दिसणारे प्राणी थोडे कमी, परंतु पाहणारे सगळे! एकत्र कुटुंबानें हाच सौदा पत्करावा.

मार्गाचा क्रम अरण्य आधीं व सरोवर नंतर असा असावा. अरण्यांत उजाडण्यापूर्वीं उठून गाडींत बसावें लागतें. त्या शिणावर सरोवराचा कांठ हेंच औषध. मलावीची राजधानी लिलाँग्वे येथें उतरून, एक रात्र विसावा घेऊन, सरहद्दीपलीकडील चिपाटा गांवावरून म्फुवेस जावें. परततांना सरोवर गांठावें. यांत मलावींत दोनदां प्रवेश होतो. सबब प्रवेशपरवाना दोन वेळांस पुरतो कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

मुक्काम ठरवितांना कांहीं प्रश्न निःसंकोच विचारावेत. तेथील पुष्कळ तळांना कुंपण नसतें. रात्रीं पाणघोडे व हत्ती दारापर्यंत येतात. ज्यांस रात्रीं उठावें लागतें त्यांची शौचाची सोय खोलीला लागूनच हवी. एकट्यानें बाहेर पडूं नये. गाडीची पायरी किती उंच आहे, तेंही विचारावें. पायीं सफरीस सामान्यतः बारा वर्षांखालील मुलांस नेत नाहींत. तेव्हां मागें कोण राहणार, तें घरींच ठरवावें. कपडे फिकट रंगाचे असावेत. निळ्या-काळ्या रंगाकडे चावरी त्सेत्से माशी धांवते. शाकाहाऱ्यांनीं आधीं कळवावें. मक्याच्या पिठाची 'न्सिमा' नांवाची घट्ट उकड आणि घेवडा यांवर पोट सुखानें भरतें.

प्रकृतीच्या बाबतींत मात्र भीड नको. दोन्ही ठिकाणीं हिंवताप आहे. गर्भवतींनीं हा प्रवास पुढें ढकलावा; तान्ह्या मुलांस नेऊं नये. इतरांनीं वैद्यकीय सल्ल्यानें प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीं सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. सरोवराच्या उथळ, लव्हाळ्यांच्या पाण्यांत गोगलगायींपासून बिल्हार्झिया रोगाचे जंतु येतात, व कोठें कोठें मगरीही असतात. स्थानिक माणसास विचारल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. घरीं आल्यावर कित्येक आठवड्यांनींही ताप आला तर डॉक्टरांस पहिल्याच वाक्यांत आफ्रिकेचा प्रवास सांगावा. ही एवढी काळजी घेतली, तर आजींस वगळण्याचें कारण प्रकृतीचें उरत नाहीं. तें केवळ आपल्या आळसाचें उरतें.