घोड्याचा जिव्हाळा ओळखावा कसा?

मराठी माणसाचे घोड्याशी नाते जुने आहे. पागा, मोतद्दार, खरारा, चंदी, तोबरा हे शब्द आजही आपल्या कोशात आहेत. ‘कान टवकारणे’ हा वाक्प्रचार तर आपण माणसांनाही सहज लावतो. प्रत्यक्ष घोडा मात्र आता भेटतो तो माथेरानच्या तांबड्या वाटेवर, लग्नाच्या वरातीत, नाहीतर दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात. तिथे मालकाच्या खांद्याशी मान टेकून उभा असलेला घोडा पाहिला, की मनात प्रश्न येतो : याला खरोखरच मालकाची माया लागली असेल का? आणि असेल, तर ती ओळखावी कशी?

वैद्यकाच्या दृष्टीनेही हा प्रश्न मोलाचा आहे. जो बोलू शकत नाही त्याच्या मनातले जाणून घेणे, हे मोतद्दाराचे काम आहे तसेच घरात आजारी ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्याचेही आहे.

निर्धास्तपणा हेच प्रेम

घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात राहायचे, चाहूल घ्यायची आणि धोका दिसताच पळायचे, यावर त्याचे जगणे उभे राहिले आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर दिसतो. केवळ कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग नजरेआड राहतो. दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 पडणारे त्याचे ठोके भय वाटताच झपाट्याने वाढतात.

अशा सदैव सावध जिवाचे प्रेम कुत्र्यासारखे अंगावर झेप घेऊन व्यक्त होत नाही. ज्याच्याजवळ पहारा सोडता येतो, तो आपला, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून त्याच्या जिव्हाळ्याच्या खुणा शांत आणि बारीक असतात.

शरीर काय सांगते?

कानांपासून सुरुवात करावी. आपल्याकडे वळलेले कान म्हणजे लक्ष आणि कुतूहल. दोन्ही बाजूंना सैल पडलेले कान म्हणजे स्वस्थता. मानेला घट्ट चिकटवलेले कान म्हणजे राग. अर्धवट मिटलेले डोळे, खाली आलेली मान, लोंबता खालचा ओठ आणि खुराच्या टोकावर टेकवलेला एक मागचा पाय, ही विसाव्याची लक्षणे आहेत. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि आडवा झालेला घोडा चटकन पळू शकत नाही. म्हणूनच आपण जवळ असताना तो निवांत आडवा झाला, तर तो मोठाच विश्वास समजावा.

मालक दिसताच काही घोडे तोंड मिटूनच खालच्या पट्टीतला, थरथरता आवाज काढतात. घोडी शिंगराला जवळ बोलावते ती याच आवाजात. तो चंदीच्या वेळीही निघतो, हे खरे. पण हात रिकामे असतानाही ऐकू आला, तर त्याचा अर्थ अधिक गहिरा असतो.

सर्वांत बोलकी खूण खराऱ्याच्या वेळी दिसते. कळपातले दोन मित्र समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुंध्याशी, आयाळ संपते त्या जागी, दातांनी हलकेच खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमक्या याच जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले. आपण तिथे खरारा करू लागलो, की घोडा वरचा ओठ लांबवून आपला खांदा चाचपतो. मित्राची परतफेड मित्रानेच करावी, तशी ती असते.

ओळख आणि आठवण

घोडा माणसाला ओळखतो, याला आता प्रयोगांचाही आधार आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली दाखवले, की परिचित माणसाचा आवाज ऐकताच घोडा नेमका त्याच माणसाकडे पाहतो. चेहरा आणि आवाज यांची सांगड त्याच्या मनात बसलेली असते. तिथल्याच 2016 च्या प्रयोगात 28 घोड्यांना माणसांची हसरी आणि रागीट छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहऱ्याने त्यांचे ठोके अधिक वेगाने वाढले. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या 2010 च्या अभ्यासात, शिकवताना बक्षीस म्हणून खाऊ मिळालेले घोडे काही महिन्यांनंतरही माणसाजवळ अधिक रेंगाळले, अगदी अनोळखी माणसाजवळही. चांगल्या वागणुकीची आठवण अशी टिकते.

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘हान्स’ नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्यामागचे रहस्य उलगडले : उत्तराचा आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची नकळत किंचित हालचाल होई, आणि हान्स ती टिपून थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सही चुके. त्याला गणित येत नव्हते. समोरचा माणूस मात्र पुरता वाचता येत होता.

या वाचण्याचे बळ किती, हे डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी जगाला दाखवले. 1944 साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्याला पायांनी इशारे करणे अशक्य. चढण्या-उतरण्यालाही मदत लागे. तरीही ज्युबिली या घोडीवर बसून त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले. पाठीवरचा तोल आणि शरीराचा भार एवढ्या सूक्ष्म भाषेवर त्या घोडीने आपली पावले टाकली होती.

फसव्या खुणा

घोडा अंगावर डोके घासतो ते पुष्कळदा केवळ खाज शमवण्यासाठी. खिसा हुंगतो तो गुळाच्या खड्यासाठी. त्यात वाईट काही नाही. पण त्याला प्रेम समजून धसमुसळेपणा चालवून घेऊ नये.

याहून महत्त्वाची फसवणूक निराळी आहे. काही घोडे कसलाही प्रतिकार न करता निमूट उभे राहतात. कान हलत नाहीत, नजर शून्यात, ओठ आणि नाकपुड्या ताठ. पाहणाऱ्याला वाटते, किती गुणी जनावर! वास्तविक ते भीतीने, वेदनेने किंवा हताशपणाने थिजलेले असू शकते. निर्धास्त घोड्याचे कान मधूनमधून वळतात, श्वास सैल असतो, तो हलके फुरफुरतो आणि मोकळे सोडल्यावरही आपणहून जवळ येतो. शांतता दोन्हीकडे असते; पण एक विश्वासाची, दुसरी निराशेची.

जवळ जाताना

• मागून किंवा थेट कपाळासमोरून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जावे.
• आधी मालकाला विचारावे. खाऊ द्यायचा असल्यास सपाट तळहातावर द्यावा.
• नाकावर थापट्या मारण्यापेक्षा मानेच्या बुंध्याशी हळुवार खाजवावे.
• हाडे ठिसूळ असतील, तोल जात असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये. त्याच्याशेजारी उभे राहण्यातही आनंद आहे.
• धनुर्वाताचे जंतू तबेल्यातील माती आणि लिदीत असतात. जखम झाल्यास साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताच्या लसीची नोंद जपून ठेवावी.

सर्पदंशावरचे प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासून तयार होते. आम्हा डॉक्टरांवर या प्राण्याचे हे जुने ऋण आहे. त्याने दिलेला धडाही तितकाच उपयोगी आहे. पक्षाघाताने वाचा गेलेले वडील किंवा स्मृतिभ्रंशाने नावे विसरलेली आई ‘बरे वाटते’ असे सांगू शकत नाहीत. त्यांना आंघोळ घालताना, घास भरवताना हाताची मूठ सैल आहे की आवळलेली, खांदे उतरले आहेत की ताठ, श्वास संथ आहे की अडखळता, हे पाहावे. समोरून यावे, आधी बोलावे, मग स्पर्श करावा; रोजची वेळ आणि क्रम शक्यतो मोडू नये. रुग्ण ‘काहीच त्रास देत नाही’ म्हणून निश्चिंत होण्यापूर्वी, ती शांतता कोणती आहे, हे एकदा निरखून घ्यावे.